गाय आधी डब्लिनला गेली

किलशीनच्या गुरांच्या बाजारात नुअला फीनीला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मंगळवारी सकाळी ती लिलावाच्या ओट्यावर चढते, माइक तोंडाशी ओढते आणि मग बाजार उठेपर्यंत तिची जीभ टाळ्याला लागत नाही. जनावर रिंगणात शिरलं की दुसऱ्या पावलाला तिला कळतं, कुठल्या खुरात दुखतंय आणि मालक काय लपवतोय. मालक छातीवर हात ठेवून सांगत असतो, फार गरीब गाय आहे, पोरंसुद्धा हाकतात. नुअला सगळ्यांना ऐकू जाईल असं माइकवरून विचारते, मग तुझ्या कपाळाला टाके कशाचे रे? सगळा बाजार हसतो, मालकही हसतो आणि भाव गुपचूप उतरतो. तिचे वडील याच ओट्यावरून लिलाव पुकारायचे. ते गेले तेव्हा बाजारातले म्हातारे म्हणाले होते, बाईमाणसाचं काम आहे का हे. तेच म्हातारे आता तिच्यासमोर नाक खाजवायलाही बिचकतात, कारण हात वर गेला की नुअलाच्या हिशेबी ती बोली असते.

तर अशी ही बाई. आणि हिला डॉक्टरपुढे नेऊन बसवलं की हिच्या तोंडून एकच शब्द निघायचा. ग्रँड.

हा शब्द म्हणजे आमच्या बेटाला जडलेली खोड आहे. बाकीच्या जगात ग्रँड म्हणजे काय थाटामाटाचं असेल ते असो, आमच्याकडे कोणी 'कसं काय' विचारलं की ग्रँड म्हणायचं असतं. गोठा जळाला? ग्रँड, घर तर वाचलं. नवरा गेला? ग्रँड, फार हाल झाले नाहीत त्याचे. दुसरं काही उत्तर दिलं तर विचारणाऱ्याची पंचाईत होते, आणि समोरच्याची पंचाईत करण्यापेक्षा आपण मेलेलं बरं, हे आम्हाला चालायला लागायच्या आधी शिकवलेलं असतं. नुअलाला ते तिच्या आईने शिकवलं. डेलिया फीनी नवऱ्याच्या उघड्या कबरीपाशी उभी होती, पाद्रीबाबांनी विचारलं कशी आहेस, तर ही म्हणाली ग्रँड, फादर, तुमचे बूट चिखलाने भरले की हो.

नुअलाला तेराव्या वर्षी पाळी आली आणि त्याच महिन्यापासून दुखणं लागलं. शाळेच्या न्हाणीघरात फरशीला गाल लावून ती पडून राहायची, फरशी गार लागायची म्हणून. आई म्हणायची, बाईच्या जन्माला आलीस, चालायचंच. गावातला डॉक्टर म्हणायचा, लग्न झालं की थांबेल. लग्न काही झालं नाही आणि दुखणंही काही थांबलं नाही. एकतिसाव्या वर्षी कोणाला तरी दुर्बिणीने पोटात डोकावून बघायची बुद्धी झाली आणि दुखण्याला नाव मिळालं, एंडोमेट्रिओसिस. गर्भपिशवीला आतून अस्तर असतं, तसलंच काहीतरी पिशवीच्या बाहेर वाटेल तिथे रुजतं, दर महिन्याला सुजतं, रक्ताळतं आणि आतल्या आत एकाला एक चिकटवत सुटतं. जिल्ह्याच्या दवाखान्यात मिस्टर लॅव्हेलनी ते वरवर जाळून टाकलं. सर्जनला आमच्याकडे डॉक्टर म्हणायचं नसतं, मिस्टर म्हणायचं. खाटकालाही मिस्टरच म्हणतात, पण ते जाऊ दे.

वर्ष सरायच्या आत सगळं परत आलं आणि या वेळी त्याने आतडंही धरलं. संडासला बसायचं म्हटलं की नुअलाला दरदरून घाम फुटायचा. बाजाराच्या दिवशी ती गरम पाण्याची रबरी पिशवी कोटाच्या आत पट्ट्याने बांधून ओट्यावर चढायची. शेकून शेकून ओटीपोटाची कातडी कायमची लालजांभळी पडली होती. गोळ्या खाऊन पुकारताना कधी जीभ जड व्हायची, पण ते तिच्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही.

डब्लिनला या एकाच दुखण्याचं खास केंद्र आहे. सरकारी आहे, सगळ्यांसाठी आहे. तिथे बायकांचा सर्जन आणि आतड्याचा सर्जन एकाच टेबलाशी उभे राहतात आणि ते दुखणं जाळत बसत नाहीत, मुळासकट कापून काढतात. हे तिने रेडिओवर ऐकलं होतं आणि त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. पण आपल्या पायाने तिथे गेलं तर दारातून परत. मिस्टर लॅव्हेलनीच पाठवायला हवं. एवढंच हवं होतं तिला, त्यांनी डब्लिनला दोन ओळी लिहाव्यात.

त्यासाठी ती खेपा घालून दमली. दर वेळी तेच. फाइलमधून मान वर न करता लॅव्हेल विचारायचे, "काय नुअला, कसं काय आपलं?" आणि जी बाई भरल्या बाजारात कोणाच्या बापाला भीत नाही ती म्हणायची, "ग्रँड, मिस्टर लॅव्हेल." झालं. पहिलीच बोली इतकी खाली लावल्यावर सौदा वर चढणार कसा? हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण ते गाडीत बसल्यावर कळायचं. मग ती स्टिअरिंगवर डोकं टेकून स्वतःला शिव्या घालायची आणि नव्या गोळ्यांचं पाकीट घेऊन घरी यायची. आई विचारायची, काय म्हणाले. नुअला म्हणायची, सगळं ग्रँड आहे.

मार्चमधल्या एका मंगळवारी मॅटी कॉस्टेलोने आपली शारोले जातीची गाय विकायला आणली. जातिवंत, पांढरीशुभ्र, गाभण, आणि मॅटी तिच्याविषयी असा बोलायचा की त्याच्या बायकोला कधी तेवढं कौतुक मिळालं नसेल. बोली झपाझप चढत होती. गाय रिंगणात चार पावलं चालली आणि थांबली. पाठीला बाक, पुढच्या पायांची कोपरं बाहेर, आणि दात खात होती. नुअलाने माइकवर हात ठेवला आणि गाईची पाठ निरखून बघितली. मग हात काढून तिने सांगितलं की जनावर आजारी आहे, लिलाव बंद.

मॅटी कळवळून म्हणाला, अगं काय हे, गाय ग्रँड आहे. नुअला म्हणाली, ग्रँड नाहीये ती, पाठ बघ तिची, पोटात कळ असल्याशिवाय कोणी अशी पाठ करत नाही. हे बोलताना तिचा स्वतःचा हात कोटावरून ती रबरी पिशवी दाबून धरत होता, पण तिकडे कोण बघणार, सगळे गाईकडे बघत होते.

बाजाराचा गुरांचा डॉक्टर डेक्लन रूनी चहाचा कप तसाच टाकून आला. त्याने गाईच्या खांद्यामागे चिमटा घेऊन बघितला, छातीला नळी लावून ऐकलं आणि म्हणाला की हिने चाऱ्यातून तार गिळलीय, ती आत टोचतेय आणि काळजाकडे निघालीय. मग रिंगणातच उभं राहून त्याने डब्लिनला गुरांच्या मोठ्या दवाखान्यात फोन लावला. तिथे गाईच्या पोटाचंच काम करणारा माणूस बसतो. डेक्लनने दोन-तीन वाक्यांत सांगितलं, पलीकडचा माणूस म्हणाला घेऊन या. कोणी म्हटलं नाही की आधी सहा महिने गोळ्या देऊन बघू. कोणी गाईला विचारलं नाही की तुझं मन थाऱ्यावर आहे ना. दुपारच्या जेवणाआधी मॅटीची गाडी गाय घेऊन डब्लिनच्या रस्त्याला लागली.

डेक्लन ते सांगायला ओट्याच्या पायऱ्या चढून आला आणि वरच्या पायरीवर थबकला. नुअला दोन्ही हात फळीवर रोवून उभी होती. पाठीला बाक, कोपरं बाहेर, दातांवर दात.

"नुअला, तू अगदी त्या गाईसारखी उभी आहेस."

"मी ग्रँड आहे."

डेक्लन हसला नाही. "त्या गाईचं एक नशीब चांगलं आहे बघ," तो म्हणाला. "तिला ग्रँड म्हणता येत नाही."

उरलेली जनावरं नुअलाने पुकारली, विकली, माइक बंद केला आणि गाडीत जाऊन बसली. आणि मग तिला राग आला. डेक्लनचा नाही, गाईचा तर नाहीच नाही. गाय सुटली ते बरंच झालं. राग आला तो आईचा, शाळेतल्या नन्सचा, लग्न कर म्हणणाऱ्या डॉक्टरचा, फाइलमधून वर न बघणाऱ्या लॅव्हेलचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या जिभेचा. गाय एका फोनवर डब्लिनला गेली आणि आपण पाच वर्षं इथेच. ती गाडीत एकटीच मोठमोठ्याने बोलत होती. काच वर होती म्हणून बरं.

घरी येऊन तिने आईला सांगितलं की गुरुवारी दवाखान्यात जायचंय आणि तू माझ्याबरोबर येतेस. डेलिया ब्राऊन ब्रेड कापत होती, तिने सुरी खाली ठेवली. मिस्टर लॅव्हेल भला माणूस आहे, ती म्हणाली, तुझ्या बापाच्या मातीला आला होता, त्याची आई आणि मी चर्चमध्ये फुलं लावायला बरोबर असायचो. तिथे जाऊन तमाशा करायचा नाही. नुअला म्हणाली, तमाशा मी दर मंगळवारी करते आणि तुझं घर त्यावर चालतं. डेलियाने हे ऐकलंच नाही असं दाखवलं.

"एकच काम आहे तुझं," नुअला म्हणाली. "मी आत बसले आणि माझ्या तोंडून ग्रँड निघालं, की माझ्या पायावर पाय दे. जोरात."

"डॉक्टरच्या खोलीत मी कोणाच्या पायावर पाय देणार नाही," डेलिया म्हणाली. पण गुरुवारी निघताना तिने रोजच्या चपट्या चपला सोडून चर्चला जायचे टाचांचे बूट घातले, आणि नुअलाने ते बघितलं.

दवाखान्यात बसायच्या जागेत भिंतीला लागून खुर्च्यांची रांग होती आणि सगळ्या भरलेल्या. नर्स एकेकीला वजनकाट्यावर बोलवायची आणि विचारायची, कशी आहेस गं? ग्रँड. तुम्ही कशा आहात? ग्रँड, ग्रँड. शाळेच्या गणवेशातली एक पोर कोपऱ्यात गुडघ्यांवर कपाळ टेकून बसली होती, तोंडाला रंग नव्हता. नर्सने तिच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, तर तिनेही कपाळ न उचलता तेच सांगितलं. नुअलाने आईकडे बघितलं. डेलिया समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र वाचत होती.

मग नुअलाचं नाव पुकारलं गेलं. मिस्टर लॅव्हेल फाइलमध्ये होते. "काय नुअला, कसं काय आपलं?"

शब्द अगदी दातांपर्यंत आला. आईचा बूट हलला नाही. नुअलाने जीभ दातांत धरली आणि तशीच बसून राहिली. त्या प्रश्नानंतर आमच्याकडे कोणी गप्प बसत नाही. लॅव्हेलनी थोडी वाट बघितली, पेन थांबवलं आणि शेवटी मान वर केली.

"मी बरी नाही," नुअला म्हणाली.

आणि मग ती बोलायला लागली. माइक नव्हता, पण आवाज बाजाराचा होता. कुठे दुखतं, कसं दुखतं, कधीपासून, सगळं तिने खूर उचलून दाखवावा तसं उघडं करून दाखवलं. संडासचं सांगितलं, रक्त जातं ते सांगितलं, आणि ज्या घरात संडास हा शब्द काढायची चोरी त्या घरच्या आईसमोर सांगितलं. ओट्यावरून उतरताना डोळ्यांपुढे अंधारी येते, बाजार उठल्यावर गाडीच्या मागच्या सीटवर आडवं पडून राहावं लागतं, आणि तुम्ही जे जाळलंत ते सगळं परत आलंय, हेही सांगितलं. डेलिया खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते.

लॅव्हेलनी ऐकून घेतलं, खोटं कशाला बोला. ऐकून घेतलं आणि म्हणाले की एक इंजेक्शन आहे, त्याने पाळी बंद पडते, सहा महिने घेऊन बघू.

"कमी आहे," नुअला म्हणाली. "परत."

लॅव्हेलना काही कळलं नाही. डेलियाला कळलं. जन्मभर लिलाव पुकारणाऱ्याची बायको ती. बोली कमी पडली की नवरा ओट्यावरून ओरडायचा, परत, आणि जनावर रिंगणातून माघारी जायचं.

मग ते म्हणाले की पुन्हा एकदा दुर्बीण घालून जाळून बघता येईल. नुअला म्हणाली, परत. लॅव्हेलनी चष्मा काढला, पुसला आणि आवाज अगदी मऊ केला. मग पिशवीच काढून टाकू, ते म्हणाले, छत्तीस वर्षांची आहेस, तशी ती काही वापरात नाही.

नुअलाच्या पोटातली कळ क्षणभर कुठल्या कुठे गेली, इतका तिला संताप आला. "तुमच्याच यंत्रात दिसलंय की दुखणं आतड्यावर आहे," ती म्हणाली. "तुम्ही पिशवी काढणार आणि दुखणं ठेवणार. मंगळवारी आमच्या बाजारात एका गाईने तार गिळली होती. तिची तार ठेवून कोणी शेपटी कापली नाही. एका फोनवर तिला डब्लिनला नेलं, तार काढली, काल ती उठून उभी राहिली. मला डब्लिनला पाठवा."

लॅव्हेल आता चिडले होते, पण ते चिडले की जास्तच सभ्य होतात. त्यांनी समजावून सांगितलं की सगळ्या देशाला ही शस्त्रक्रिया नीट येणारी माणसं मूठभर, त्यांच्याकडची रांग आधीच कुठल्या कुठे गेलेली. दुखतंय म्हणणाऱ्या प्रत्येकीला त्यांनी पाठवायला सुरुवात केली तर ते केंद्र बुडेल.

"बुडू दे," नुअला म्हणाली. "बाजारात गुरं मावेनाशी झाली की दुसरं रिंगण बांधतात. तुम्ही गुरं घरीच बांधून ठेवता आणि वर सरकारला सांगता, एका रिंगणात छान भागतंय. रांगेत उभ्या असतात त्या बायका मोजल्या जातात, मिस्टर लॅव्हेल. घरी बसून ग्रँड म्हणणाऱ्यांना कोणी मोजत नाही. मला रांगेत उभं करा. लांब असेल तर असू दे. मला मोजून घ्या."

लॅव्हेलनी हात टेकले आणि खुर्ची डेलियाकडे वळवली. शहाण्या माणसाकडे वळावं तसे वळले. "मिसेस फीनी, आता तुम्हीच चार शब्द सांगा हिला. तुमच्या वेळी कुठे होती ही केंद्रं नि बिंद्रं? तुम्ही सगळं निभावून नेलंतच ना? आज बघा, ग्रँड आहात की नाही?"

डेलियाच्या मांडीवर पर्स होती. तिने पर्सची कडी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. नुअलाने डोळे मिटून घेतले. संपलं, तिला वाटलं. उघड्या कबरीपाशी जी बाई ग्रँड म्हणाली ती इथे दुसरं काय म्हणणार?

"नाही," डेलिया म्हणाली.

लॅव्हेलना नीट ऐकू गेलं नसावं. ते हसतच होते.

"बेचाळीस वर्षांची होते मी. याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, माझी पिशवी काढली. का काढली ते कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या आधीचे मिस्टर आले, चार पोरगे डॉक्टर मागे घेऊन, आणि म्हणाले कसं काय. मी म्हटलं ग्रँड. ते पुढच्या खाटेकडे गेले." तिने कडी मिटली. "दुखणं पिशवीबरोबर गेलं नाही. आजही आहे. गाडीतून येताना होतं, आत्ता आहे. हिच्या बापालासुद्धा मी कधी बोलले नाही."

नुअला तेव्हा सात वर्षांची होती. तिला सांगितलं होतं की आई मावशीकडे स्लायगोला गेलीय, समुद्राची हवा खायला. मावशीने पाठवलेली शंखशिंपल्यांची डबी अजून तिच्या कपाटात होती. तिने आईचा हात धरायला हात पुढे केला, पण डेलियाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती लॅव्हेलकडे बघत होती.

"हा शब्द हिला मी शिकवला, मिस्टर लॅव्हेल," ती म्हणाली. "आता मीच तो परत घेते. माझ्या मुलीला डब्लिनला पाठवा. तुम्ही लिहीपर्यंत आम्ही इथेच बसलोय. मी डबा आणलाय."

आणि खरंच आणला होता. पर्समध्ये हॅमची सँडविचं होती, चांदीच्या कागदात गुंडाळलेली. तिने ती काढून टेबलावर ठेवली. भला माणूस, भला माणूस म्हणून जिने त्याला डोक्यावर घेतलं होतं तिनेच ती त्याच्या फाइलवर ठेवली.

लॅव्हेलनी ते पुडकं दोन बोटांनी बाजूला सरकवलं. दार लोटून नर्स एकदा डोकावून गेली. मग त्यांनी खणातून बोलून नोंद करायचं ते छोटं यंत्र काढलं, तोंडाशी धरलं आणि नेहमीच्या सुरात सुरू केलं. डब्लिनच्या केंद्रासाठी. छत्तीस वर्षांची स्त्री. सर्वसाधारण प्रकृती उत्तम.

"परत," नुअला म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे बघितलं. नुअलाने नजर काढली नाही. त्यांनी बटण दाबून मागचं पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली. छत्तीस वर्षांची स्त्री, तीव्र वेदना, आतड्यावर खोल पसरलेला आजार, आधीच्या शस्त्रक्रियेचा उपयोग झाला नाही. हे शेवटचं म्हणताना त्यांचा आवाज जरा अडकला, आणि खरं सांगायचं तर त्या एका अडकण्यापुरता नुअलाला तो माणूस बरा वाटला. खास केंद्रात शस्त्रक्रियेची गरज, ते म्हणाले आणि थांबले.

"तातडीने," डेलिया म्हणाली.

"तातडीने," लॅव्हेल यंत्रात म्हणाले.

नुअलाने टेबलावर बोटाचं पेर वाजवलं. एक वार, दोन वार, तीन वार. सौदा बसला.

बाहेर आल्यावर तिने भिंतीचा आधार घेतला. जिंकलो वगैरे काही नव्हतं. डब्लिनची रांग लांब होती, कधी नंबर लागेल देव जाणे, तोपर्यंत हीच रबरी पिशवी आणि ह्याच गोळ्या. पण ती त्या रांगेत होती. तिला मोजलं होतं. खुर्च्या अजून तशाच भरलेल्या होत्या आणि नर्स वजनकाट्याशी उभी राहून कोणाला तरी विचारत होती, कशी आहेस गं?

डेलियाने तिच्या दंडाला हात लावला. नुअलाला वाटलं, आता ही म्हणणार चल लवकर, लोक बघतायत. डेलिया म्हणाली, "सांग त्यांना."

नुअला भिंत सोडून सरळ उभी राहिली. दुखत होतं, तरी राहिली. "बायांनो," ती म्हणाली, आणि तो आवाज पार रक्त तपासायच्या खोलीपर्यंत गेला. "आत गेलात की ते विचारतील कसं काय. ग्रँड म्हणायचं नाही. जे असेल ते सांगायचं. एवढंच."

सगळ्यांची पंचाईत झाली, होणारच होती. कोणी बुटांकडे बघितलं, कोणी मासिक चाळायला लागली, एक म्हातारी तोंडावर रुमाल धरून खुदकन हसली. नर्सने नुअलाला हळू आवाजात सांगितलं की हा दवाखाना आहे, बाजार नाही. मग तिने यादीतलं पुढचं नाव पुकारलं आणि कोपऱ्यातली ती गणवेशातली पोर भिंतीला धरून उठली. नुअलासमोरून जाताना तिने वर बघितलं नाही.

लॅव्हेलच्या खोलीचं दार नीट मिटत नाही, कधीच मिटलं नाही. डेलिया डोक्याला रुमाल बांधत होती आणि मुद्दाम वेळ लावत होती. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग फाइलचं पान उलटल्याचा. मग नेहमीचा सूर आला, काय पोरी, कसं काय आपलं?

आतून कोणी काही बोललं नाही. मासिक चाळणारीचा हात थांबला होता.

"मी बरी नाही," पोर म्हणाली.

डेलियाने रुमालाची गाठ पक्की केली, मुलीचा हात धरला आणि दोघी गाडीकडे चालायला लागल्या.